फळवाल्याची थोरली आणि विद्यापीठाच्या माश्या

फळवाल्याच्या दुकानात माशी नव्हती. निदान तो तसं म्हणत असे, आणि इतक्या वेळा म्हणत असे की गल्लीनेही ते मान्य करून टाकलं होतं. बाकीचे दुकानदार आपल्या मालाचं कौतुक सांगतात, या गृहस्थाला मालावर काय बसत नाही याचंच कौतुक जास्त. सकाळी दुकान उघडलं की तो आधी फळ्या व्हिनेगरच्या पाण्याने पुसायचा, मग केळ्यांच्या फण्यांवर ओलं मलमलीचं फडकं टाकायचा, मग पंखा लावायचा आणि मगच पहिल्या गिऱ्हाइकाकडे बघायचा. "कुठेही शोधा," तो म्हणायचा, "एक माशी दाखवा आणि डझन केळी फुकट न्या." कुणी शोधायला जात नसे. डझनभर केळ्यांसाठी भल्या सकाळी पपयांच्या ढिगात डोकं कोण खुपसणार?

अशा माणसाची थोरली मुलगी विद्यापीठात माश्या पाळायला गेली. दैवाला थट्टा करायची हौस असते हे ठाऊक आहे, पण ती त्याने अशी घरात शिरून करावी असं काही नव्हतं.

तिला सगळे थोरलीच म्हणत, कारण तिच्या पाठीवर एक धाकटी होती. थोरली लहानपणी सफरचंदांच्या रिकाम्या खोक्यात झोपली, खोक्याला धरून उभी राहिली आणि खोक्यावर बसून अभ्यास करू लागली. तिला एकच खोड होती. उत्तर मिळालं तरी ती प्रश्न सोडत नसे.

"बाबा, केळं गोड कशाने होतं?"

"पिकलं की होतं."

"पिकतं म्हणजे काय होतं?"

"गोड होतं. आता ती फणी इकडे दे आणि गप्प बस."

हे उत्तर तिने बरीच वर्षं चघळलं आणि त्यापायीच ती विद्यापीठात पोचली. तिथे तिला हेच उत्तर लांबलचक शब्दांत आणि फळ्यावर बाण काढून मिळालं, तेव्हा तिला आपण पुष्कळ पुढे आलो असं वाटलं. विषयाचं नाव होतं जीवरसायनशास्त्र आणि आनुवंशिकी. ते नाव आईच्या तोंडात कधी मावलं नाही. कुणी विचारलं तर ती म्हणायची, "ते रक्त तपासतात ना, त्यातलंच, पण मोठं." आणि विचारणारा आदराने मान हलवायचा, कारण रक्त सगळ्यांनाच असतं.

विषय एक असला तरी त्याची बिऱ्हाडं दोन होती. वरच्या मजल्यावर जीवरसायनवाले सर, खालच्या मजल्यावर आनुवंशिकीच्या मॅडम. दोघांमध्ये फार पूर्वी एका मोठ्या फ्रीजवरून बिनसलं होतं. तो फ्रीज कधीच भंगारात गेला, पण भांडण चांगल्या स्थितीत होतं. सर म्हणत, जीव म्हणजे नुसती रसायनं. मॅडम म्हणत, ती रसायनं कुणाच्या हुकमाने होतात ते विचारा. विद्यार्थी वरच्या मजल्यावर एक लिहीत आणि खालच्या मजल्यावर दुसरं लिहीत. दोन्हीकडे पास होणारा तो हुशार.

थोरलीचा जीव रमला तो खाली. मॅडमच्या प्रयोगशाळेला दोन दारं होती, दोन्हींना बारीक जाळी, आणि आतलं उघडायच्या आधी बाहेरचं लावून घ्यायचं असा कडक नियम. आत मांडणीवर काचेच्या बाटल्यांच्या ओळी, प्रत्येकीच्या तोंडात कापसाचा घट्ट बोळा, आणि आत फळमाश्या, ज्यांना घरी चिलटं म्हणतात. पहिल्याच दिवशी मॅडम सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या, "माझ्या प्रयोगशाळेतून आजवर एक माशी बाहेर गेलेली नाही, आणि बाहेरची एक आत आलेली नाही." बाकीची मुलं दबली. थोरलीला मात्र एकदम घरच्यासारखं वाटलं. हा सूर ती जन्मापासून ऐकत आली होती.

घरी हे कळलं तेव्हा बाबांचा हात तागडीवरच थांबला.

"पाळतात? जाणूनबुजून?"

"हो. त्यांच्यात दोन आठवड्यांत नवी पिढी तयार होते. आईबापाचं मुलांत काय उतरतं ते चटकन कळतं."

"आणि खायला कोण घालतं?"

"आम्हीच. मक्याचं पीठ, साखर, यीस्ट, पिकलं केळं. शिजवून."

"शिजवून," बाबा आईकडे बघून म्हणाले. "आणि त्यासाठी आपण फी भरतोय."

"म्हणजे एवढं शिकून सवरून ही माश्याच मारत बसणार," आई म्हणाली.

"मारत नाही गं, मोजतो."

"एकूण एकच ते."

पण बाप तो बाप. विद्यापीठाच्या माश्यांना पिकलेली केळी लागतात हे ऐकल्यावर त्यांनी थोडा विचार केला. दुकानामागे एक अंधारी खोली होती. तिथे घड पिकायला ठेवलेले असत, आणि जी फणी फार पिकली, काळी पडली, फुटली, तीही तिथेच पडून राही. त्या खोलीत गिऱ्हाइकाला सोडा, आईलाही फारसं जाऊ देत नसत; थोरली तेवढी लहानपणापासून आतबाहेर करी. असला माल बाहेर मांडायची त्यांना लाज वाटे आणि फेकायला जीव होत नसे. आता वाट सापडली. दर सोमवारी एक कापडी पिशवी भरून ती केळी विद्यापीठात जाऊ लागली, आणि बाबा गल्लीत सांगू लागले की आपण शिक्षणाला हातभार लावतो. मॅडमही खूश, कारण विद्यापीठाकडून केळी मागवायची तर तीन सह्या लागत आणि तोवर केळ्यांचं काय व्हायचं ते होऊन जाई.

पिशवी दिवसभर प्रयोगशाळेत, बाटल्यांच्या टेबलाखाली पडलेली असे. संध्याकाळी थोरली ती रिकामी करून घरी आणी आणि मागच्या खोलीत खुंटीला अडकवी. पुढच्या सोमवारी तीच पुन्हा भरून निघे. वाचकांनी एवढी पिशवी लक्षात ठेवावी. बाबांनी आणि मॅडमनी ठेवली नाही.

शेवटच्या वर्षी प्रत्येकाला एक प्रयोग स्वतःचा असा करायचा होता, आणि त्यावर पुढचं सगळं अवलंबून होतं. मॅडमच्या हाताखाली संशोधनाची एकच जागा होती. तिच्यावर दोघांचा डोळा, एक थोरली आणि दुसरा चष्मेवाला. हा चष्मेवाला सगळ्या बाटल्या दोनदा उकळायचा आणि बोलताना अर्ध्या वाक्यात थांबून आपण चुकलो तर नाही ना ते बघायचा. जागा मिळाली नाही तर थोरलीसाठी दुकान होतंच. दुसरी तागडी घ्यायचं बाबांच्या मनात होतं आणि तिच्यामागे कोण बसणार हेही त्यांनी ठरवलेलं होतं. थोरलीला तागडीची लाज नव्हती. उलट तिचा हात वजनाला इतका सवयीचा होता की मुठीत घेतलं तरी अंदाज चुकत नसे, आणि तिला भीती त्याचीच होती. एकदा बसलो की आपल्याला ते जमेल, आणि जमलं की आपण उठणार नाही, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

प्रयोग अगदी साधा होता. फळमाशीचे डोळे एरवी लालभडक असतात. मॅडमकडे पांढऱ्या डोळ्यांच्या माश्यांचं एक जुनं घराणं होतं. कधीकाळी डोळ्याच्या रंगाचं जनुक बिघडलं, ते बिघडलेलंच पिढ्यान् पिढ्या चालत आलं, आणि त्या घराण्यात लाल डोळ्याचं पोर कधी जन्मलं नव्हतं. थोरलीने या माश्या काही बाटल्यांत नेहमीच्या शिजवलेल्या खाण्यावर ठेवायच्या, काही बाटल्यांत पिकल्या केळ्याच्या न शिजवलेल्या फोडींवर, आणि कुठे प्रजा जास्त होते ते मोजायचं. "साल काढू नकोस," मॅडमनी बजावलं, "सगळं सत्त्व सालीत असतं." थोरलीने साल काढली नाही.

नवी पिढी बाहेर आली तेव्हा तिने भिंगाखाली पाहिलं, भिंग पुसलं आणि पुन्हा पाहिलं. पांढऱ्या डोळ्यांच्या गर्दीत लाल डोळे होते, एकदोन नव्हे, चांगले पसाभर. आणि होते ते फक्त केळ्यांच्या बाटल्यांत.

तिने मॅडमना बोलावलं. मॅडमनी पाहिलं, आणि त्या तशाच स्टुलावर बसल्या. तरुणपणी त्यांनी एका सभेत मांडलं होतं की बिघडलेलं जनुक खाण्यापिण्याने पुन्हा ताळ्यावर येत असलं पाहिजे. त्या वेळी सभा हसली होती आणि हसणाऱ्यांत वरच्या मजल्यावरचे सर पुढे होते. मॅडम ते विसरल्या नव्हत्या.

"फक्त केळ्यांच्या बाटल्यांत?"

"हो मॅडम. बाहेरून एखादी आली असेल का?"

"माझ्या प्रयोगशाळेत?" मॅडम म्हणाल्या. तिथे तो तपास संपला.

पुढचे दिवस उत्साहाचे होते. एका मोठ्या परिषदेसाठी निबंध तयार होऊ लागला, त्यावर मॅडमच्या खाली थोरलीचं नाव लागलं, आणि "जागा तुझीच समज" असंही मॅडम एकदा हात धुता धुता म्हणाल्या. चष्मेवाल्याने थोरलीचं अभिनंदन केलं, तेही अर्ध्या वाक्यात थांबून. घरी तर विचारूच नका. केळ्यात काहीतरी आहे, आणि ते केळं आपलं आहे, एवढं बाबांना पुरलं. दुसऱ्या दिवसापासून ते फणी बांधता बांधता गिऱ्हाइकाला सांगू लागले, "डोळ्यांना चांगलं. विद्यापीठात सिद्ध झालंय." चष्मा लावलेली माणसं जरा जास्त केळी नेऊ लागली.

"बाबा, माश्यांच्या डोळ्यांचं आहे ते," थोरली म्हणाली.

"डोळे ते डोळे. देवाने वेगवेगळ्या कारखान्यात नाही बनवले."

समोरच्या दुकानातला शिंपी हे रोज ऐकायचा. तो सुईत दोरा ओवताना केळं खाऊन बघायचा आणि फरक पडतोय म्हणायचा.

वरच्या मजल्यावर मात्र फरक पडलेला नव्हता. सर एकदा जिन्यात थोरलीला भेटले. "केळी खाऊन जनुकं दुरुस्त होत असती," ते म्हणाले, "तर माकडं एव्हाना कुलगुरू झाली असती." मग त्यांनी क्षणभर विचार केला. "तशी काही झाली म्हणा." आणि ते वर गेले. थोरली हसत खाली निघाली आणि अर्ध्या जिन्यात तिचं हसू गेलं. माकडांवरून तिला केळी आठवली आणि केळ्यांवरून मागची खोली.

रविवारी दुपारी ती सोमवारची पिशवी भरायला मागच्या खोलीत गेली. एक फणी फुटलेली होती आणि फुटलेल्या सालीवर चिलटं बसली होती. चारदोन चिलटं तिथे असायचीच. ती त्या खोलीत लहानाची मोठी झाली होती, पण त्यांच्याकडे कधी बघितलं नव्हतं, जसं आपण घरातल्या भिंतीकडे बघत नाही. तिने झोळीतून भिंग काढलं आणि वाकली. लाल डोळ्यांनी तिच्याकडे बघितलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा, आणि वळसाही साधा नव्हे, परिषदेपर्यंत जाणारा.

सालीवर माशी बसली म्हणजे सालीवर अंडी घातली. ती साल तिने स्वतःच्या हाताने बाटल्यांत ठेवली होती, आणि तिथल्या पोरींशी या पाहुण्यांची सोयरीकही झाली असणार. आता बोललं तर जागा गेली. आणि नुसती जागा नव्हे. बोलायचं म्हणजे चारचौघांत सांगायचं की माझ्या बापाच्या दुकानात माश्या आहेत. आपलेच दात आणि आपलेच ओठ. मूग गिळून गप्प बसणं सोपं होतं, ते तिने संध्याकाळपर्यंत करूनही पाहिलं. पण तिची जुनी खोड तिला बसू देईना. निदान आपल्याला तरी कळलं पाहिजे, असं म्हणून तिने दोन बाटल्या उकळून घेतल्या. एकीत नुसती केळ्याची फोड सालीसकट ठेवून कापसाचा बोळा लावला. दुसरीतही तशीच फोड टाकली, पण ती उघडी ठेवली, म्हणजे दुकानातली चिलटं आपणहून तिच्यात शिरतील. दोन्ही बाटल्या तिने खोक्यांमागे लपवल्या. स्वतःच्याच घरात चोरासारखं वागायची ही तिची पहिली वेळ.

दोन आठवड्यांनी पहिल्या बाटलीत माश्या बाहेर आल्या. सगळ्यांचे डोळे लाल. त्या बाटलीत विद्यापीठाची एकही माशी गेलेली नव्हती. म्हणजे निबंध, परिषद आणि मॅडमच्या तरुणपणाची भरपाई, सगळं एका सालीवरून घसरलं होतं. दुसरी बाटली तिने बर्फावर धरली. गारठ्याने माश्या गुंगल्या, तशा तिने त्या पांढऱ्या बशीत ओतल्या. तेवढ्यात बाबा आत आले.

"हे काय?"

"माश्या."

"कुणाच्या?"

"आपल्या."

बाबांनी बशीकडे बघितलं नाही. ते भिंतीकडे बघत म्हणाले, "आपल्याकडे माश्या नाहीत."

"बाबा, या इथेच पकडल्या."

"मग तू आणल्यास. तू तिकडे जायला लागल्यापासून इथे चिलटं वाढलीत. मी बोललो नाही कधी. म्हटलं, पोरीचं शिक्षण आहे, जाऊ दे."

उचलली जीभ लावली टाळ्याला, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण बापाला तसं म्हणता येत नाही, म्हणून ती नुसतीच भिंगावर वाकली. लाल, लाल, लाल. आणि मधे एक पांढरा. मग आणखी एक. तिने ब्रशच्या टोकाने ते बाजूला काढले. मूठभर लाल डोळ्यांत पाचसात पांढरे निघाले आणि सगळे नर होते.

तिने ते पुन्हा एकदा मोजले. मग म्हणाली, "बाबा, तुमचं बरोबर आहे."

बाबा दचकले. हे वाक्य त्यांनी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

"या पांढऱ्या डोळ्यांच्या विद्यापीठातल्या आहेत. म्हणजे यांच्या आया तिकडून आल्या, बाप इकडचे. पांढऱ्या आईचा मुलगा पांढराच निघतो. मुलगी बापावर जाते, म्हणून लाल."

"मुली बापावर," बाबा म्हणाले. शास्त्रातलं एवढं त्यांना एकदम पटलं. "मग मी काय म्हणत होतो? घाण तिकडची."

"अर्धी. लाल इथून तिकडे गेल्या. माझ्या प्रयोगात निघालेल्या त्याच."

"लालचं मला काही माहीत नाही," बाबा म्हणाले आणि बाहेर जाऊन फळ्या पुसू लागले. त्या दिवशी त्यांनी त्या तीनदा पुसल्या.

थोरलीने वर पाहिलं. खुंटीला पिशवी लोंबत होती. सकाळी केळ्यांबरोबर दुकानच्या माश्या तिकडे, आणि दिवसभर टेबलाखाली पडून राहिल्यावर केळ्यांच्या वासाला भुललेल्या सुट्या माश्या संध्याकाळी इकडे. दोन्ही दारं लावून घेणाऱ्या मॅडमच्या आणि मलमल टाकणाऱ्या बाबांच्या नाकासमोरून हे दळणवळण बिनबोभाट चाललं होतं, आणि ते चालवणारी ती स्वतः होती.

सोमवारी तिने दोन्ही बाटल्या मॅडमच्या टेबलावर ठेवल्या आणि सगळं सांगितलं. मॅडमनी पहिली बाटली पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. पण बाई खरी होती. त्यांनी निबंध ओढून घेतला, उभा फाडला आणि परिषदेला नकार कळवला, सगळं त्याच बैठकीत. थोरलीला त्या क्षणी त्यांचे पाय धरावेसे वाटले.

"म्हणजे तुझ्या वडिलांच्या दुकानातली घाण माझ्याकडे आली," मॅडम म्हणाल्या.

"हो मॅडम. आणि ही दुसरी बाटली. आपल्या पांढऱ्या तिकडे गेल्यात."

मॅडमनी दुसऱ्या बाटलीला हात लावला नाही. "माझ्या प्रयोगशाळेतून माशी बाहेर जात नाही."

"पण दुकानात पांढरे डोळे येणार कुठून?"

"निसर्गात बिघाड कुठेही होतो. किंवा तू मोजायला चुकली असशील." मग त्या खिडकीकडे बघत म्हणाल्या, "जागेचं मी अजून ठरवलेलं नाही." ज्या सुरात हे म्हटलं त्यात सगळं ठरलेलं होतं.

अशी गंमत झाली. थोरलीने दोघांपुढे सत्य ठेवलं, तर दोघांनी त्यातलं समोरच्याचं अर्धं उचललं आणि आपलं तिच्या पदरात टाकलं. बाबांच्या मते माश्या विद्यापीठाने पाठवल्या, मॅडमच्या मते दुकानाने. आणि दोघांच्याही मते बाकीचा घोटाळा पोरीचा. सरांना कळलं तेव्हा ते जिन्यात तिला म्हणाले, "वाईट वाटलं." आणि ते इतके प्रसन्न दिसत होते की तिने आभार मानले.

परीक्षा झाली आणि थोरली दुसऱ्या तागडीमागे बसली. ती बोलत नसे, नेमकं तोलून देई. केळी डोळ्यांना चांगली असं बाबांनी सांगणं थांबवलं होतं. शिंपी म्हणाला, आता दोरा ओवायला पुन्हा त्रास होतो. बाबा मधूनच तिच्याकडे बघत. तागडीमागे मुलगी बसावी हे त्यांनीच योजलं होतं, पण ती अशी बसेल हे योजलं नव्हतं.

आणि एके दिवशी सकाळी, दुकानात चांगली गर्दी असताना, मॅडम आल्या. त्या केळी घ्यायला आल्या होत्या असं त्यांचं म्हणणं. केळ्यांसाठी कुणी इस्त्रीची साडी नेसून शहराच्या दुसऱ्या टोकाहून येत नाही, हे शिंप्यालाही कळलं आणि तो शिलाई सोडून इकडे आला.

मॅडमनी फळ्या पाहिल्या, मलमल उचलून पाहिली, पंख्याकडे पाहिलं. माशी नव्हती. "स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या, जरा निराश होऊन, जरा सुटल्यासारख्या.

"आमच्याकडे माशी नसते," शिंपी म्हणाला. हे वाक्य आता गल्लीच्या मालकीचं होतं.

"असं मीही ऐकलंय," मॅडम बाबांना म्हणाल्या. "मग तुमच्या मुलीने माश्या पकडल्या कुठे? मला वाटतच होतं, तिची मोजण्यात काहीतरी चूक झाली असणार. पांढरे डोळे म्हणे. हुशार आहे, पण घाई करते."

थोरलीने मान वर केली नाही. तिच्या तागडीत सफरचंदं होती आणि ती पारडं हलायचं थांबायची वाट बघत होती. बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग शिंप्याकडे, मग गिऱ्हाइकांकडे, आणि मग व्हिनेगरच्या फडक्याकडे. ते नुसते गप्प राहिले असते तरी चाललं असतं. दुकानाची अब्रू जिथल्या तिथे राहिली असती, आणि मुलगी खोटी ठरली असती.

"मोजण्यात ती चुकत नाही," बाबा म्हणाले. "लहानपणापासून वजन करते. कधी चुकली नाही."

"मग माश्या आहेत तुमच्याकडे?"

"आहेत."

थोरलीने आता मान वर केली.

"आहेत, बाई. मागे आहेत. पहिल्यापासून होत्या, मी बोलत नव्हतो. या, दाखवतो."

"मग माझी डझन केळी," शिंपी म्हणाला.

"घे. आणि ज्याला ज्याला हवी त्याला दे."

ज्या खोलीत आईलाही फारसं जाऊ देत नसत तिचं दार बाबांनी सताड उघडलं आणि दिवा लावला. मॅडम आत गेल्या. फुटलेली फणी बाबांनी स्वतः उचलून त्यांच्यापुढे धरली, चिलटं उडू नयेत म्हणून अगदी सावकाश. थोरलीने भिंग पुढे केलं. मॅडमनी ते घेतलं नाही. पर्समधून स्वतःचं काढलं, वाकल्या आणि तशाच राहिल्या.

फणी धरून बाबांचे हात भरून आले, पण ते हलले नाहीत.

"ही आमची," मॅडम शेवटी म्हणाल्या. आवाज एवढा हळू होता की तो माशीला सांगितल्यासारखा वाटला. "ही पांढरी आमची आहे."

"लाल आमच्या," बाबा म्हणाले.

मॅडम सरळ उभ्या राहिल्या. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, जशी दोन व्याही मंडळी पहिल्यांदा पाहतात.

"पांढऱ्या वाढतायत का कमी होतायत?" मॅडमनी थोरलीला विचारलं.

"कमी होतायत. हळूहळू. दर रविवारी मोजते."

"अजून मोजतेस?"

"हो."

मॅडमनी भिंग पुसून पर्समध्ये ठेवलं. "सोमवारी ये. जागा अजून कुणाला दिलेली नाही. बाटल्या घेऊन ये इथल्या."

थोरलीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला ती पुन्हा त्या फणीवर वाकली आणि माश्या उडाल्या.

बाहेर गर्दी फुकटच्या केळ्यांत गुंतली होती. बाबांनी त्यातलीच एक चांगली फणी उचलली. "तुमचीही एक डझन होते," ते मॅडमना म्हणाले, "बोललो म्हणजे बोललो." आणि केळी कशात द्यावीत म्हणून त्यांनी मागे वळून खुंटीवरची कापडी पिशवी काढली.

"ती नको," थोरली आणि मॅडम एकदमच म्हणाल्या.

बाबांनी केळी कागदात बांधून दिली.